शोध कोणाचा?
(चार हयात शास्त्रज्ञांच्या कामाचा हिशेब)



विज्ञानाच्या विषयावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण दहावीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर. परंतु मालकाशी पगाराचे करार करण्यात उमर गेली की माणसाला एक सवय जडते. तयार माल समोर आला की तो कोणाच्या हातून तयार झाला, किती दिवसांत झाला आणि त्या हाताला काय मिळाले, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. विज्ञानाचे वाचन करतानाही ही सवय आम्हाला सोडून गेली नाही. आज तिच्याच आधाराने चार शास्त्रज्ञांविषयी बोलायचे आहे.

चौघेही हयात आहेत. हयात माणसांचा इतिहास सांगणे अवघड असते, कारण काळाने त्यांच्यावर अजून निकाल दिलेला नसतो. पण त्यात एक सोयही आहे. न्यूटनच्या सफरचंदाला आता साक्षीदार नाही. ह्या चौघांच्या बाबतीत मात्र मूळ नोंदी, कोर्टाचे निकाल, सहकाऱ्यांच्या साक्षी आणि त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकती असे सारे दप्तर उपलब्ध आहे. शोध लागला तेव्हा खरोखर काय घडले, ते त्यावरून तपासून पाहता येते.

विद्यार्थिनीचा वाटा

जॉसलिन बेल बर्नेल ह्यांचा जन्म १९४३ साली उत्तर आयर्लंडमध्ये झाला. त्यांच्या शाळेत मुलगे विज्ञानाच्या तासाला आणि मुली गृहशास्त्राच्या तासाला, अशी वाटणी होती. आईवडिलांनी शाळेशी भांडून मुलीला विज्ञानाच्या वर्गात बसवले. ग्लासगोला पदवी घेऊन १९६५ साली त्या केंब्रिजला अँटनी ह्यूइश ह्यांच्या हाताखाली संशोधनाला लागल्या.

पहिली दोन वर्षे गेली ती दुर्बीण बांधण्यात. ही दुर्बीण म्हणजे भिंगांची नळी नव्हती. साडेचार एकर रानात हजाराहून अधिक खांब रोवायचे, त्यांवर तारा ताणायच्या आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या तारांनी झेलायच्या. विद्यार्थ्यांनी घण घेऊन हे खांब ठोकले. जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली आणि ती चालवण्याचे काम बेल ह्यांच्याकडे आले. यंत्राची लेखणी दररोज शंभर फुटांच्या आसपास कागद रेघांनी भरून टाकी. तो वाचायला संगणक नव्हता. हा सारा कागद ही विद्यार्थिनी रोज डोळ्यांखालून घाली.

ऑगस्टच्या सुमारास त्यांना त्या कागदावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची एक खरखर दिसली. ती ताऱ्यासारखी नव्हती आणि मोटारीच्या ठिणगीसारखीही नव्हती. दुसरा कोणी असता तर ती सोडून पुढे गेला असता. बेल ह्यांना आठवले की ही खरखर पूर्वीही दिसली होती, आणि आकाशाच्या त्याच भागात. ताऱ्यांचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान असतो, आणि ही खरखर ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणे हजेरी लावत होती. म्हणजे ती पृथ्वीवरची नव्हती. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी कागद अधिक वेगाने सरकवून तिची नोंद घेतली, तेव्हा १.३३ सेकंदांच्या अंतराने एकेक ठोका उमटू लागला. इतका नियमित ठोका माणसाच्याच यंत्राचा असणार, असे गुरूंना प्रथम वाटले. परग्रहावरच्या छोट्या हिरव्या माणसांचा तर नव्हे, अशी थट्टाही झाली. डिसेंबरात आकाशाच्या अगदी निराळ्या कोपऱ्यात बेल ह्यांना दुसरा ठोका सापडला आणि थट्टा संपली.

हे होते स्पंदक तारे. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात दाबून भरले तर जे होईल, तशी ही वस्तू असते. ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि दीपस्तंभाच्या झोतासारखी तिची रेडिओकिरणे दर फेरीला आपल्यावरून जातात. फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात निबंध छापून आला. पाच नावे होती; ह्यूइश ह्यांचे पहिले आणि बेल ह्यांचे दुसरे. १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्यूइश आणि मार्टिन राइल ह्यांना. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल ह्यांनी त्यावर जाहीर टीका केली. खुद्द बेल बर्नेल ह्यांनी मात्र तक्रार केली नाही. यशापयशाची अंतिम जबाबदारी मार्गदर्शकावर असते आणि विद्यार्थ्याला असे पारितोषिक क्वचितच द्यावे, असेच मत त्यांनी मांडले.

ह्या मनाच्या मोठेपणाला आम्ही वंदन करतो. पण करारांच्या टेबलावर आम्ही एक धडा शिकलो आहोत. कामगाराने तक्रार केली नाही, एवढ्यावरून हिशेब बरोबर होता असे ठरत नाही. २०१८ साली त्यांना तीस लाख डॉलरचे एक विशेष पारितोषिक मिळाले. त्यांनी ती सारी रक्कम एका निधीला देऊन टाकली. पदार्थविज्ञानाच्या संशोधनात ज्या वर्गांतली मुले सहसा पोहोचत नाहीत, त्यांना ह्या निधीतून शिष्यवृत्त्या मिळतात. त्यांनी तोंडाने जे मागितले नाही ते कृतीने सांगितले, असे आम्ही समजतो.

स्पंदकांचा अभ्यास आज आपल्या पुणे जिल्ह्यातही चालतो. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षे मोजून गुरुत्वलहरींचा मंद घोष असल्याचा पुरावा २०२३ साली जगापुढे आला, त्यात खोडदच्या नोंदींचाही भाग होता. नारायणगावच्या बाजूने जाताना त्या तबकड्या दिसल्या, तर केंब्रिजच्या रानात खांब ठोकणाऱ्या मुलीची आठवण जरूर करावी.

पाचशे जणांचा शोध

ज्या १९६७ साली केंब्रिजला ही दुर्बीण सुरू झाली, त्याच साली चीनमध्ये निराळ्याच एका कामाला आरंभ झाला. उत्तर व्हिएतनामचे सैन्य हिवतापाने बेजार झाले होते. हिवतापाचे जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले होते. चीनने औषध शोधण्याचे एक गुप्त कार्य हाती घेतले. २३ मे रोजी त्याची बैठक झाली, म्हणून त्याचे नाव ‘प्रकल्प ५२३’. सुमारे साठ संस्थांमधले पाचशेच्या आसपास संशोधक त्यात गुंतले होते.

१९६९ च्या जानेवारीत पेकिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतल्या तू यूयू नावाच्या बाईंना एका गटाचे प्रमुख नेमले. त्यांचा जन्म १९३० चा. त्या औषधशास्त्राच्या पदवीधर होत्या. डॉक्टरेट नव्हती आणि परदेशी शिक्षणही नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या धामधुमीत पती दूरच्या छावणीत पाठवलेले, म्हणून मुलीला दुसऱ्यांकडे ठेवून त्या कामाला लागल्या. जुने ग्रंथ आणि म्हातारे वैद्य धुंडाळून त्यांनी दोन हजारांवर नुस्खे गोळा केले, त्यांतले ६४० निवडून वहीत उतरवले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. त्यात चिंगहाव नावाची एक वनस्पती होती. आपण देवाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातलीच ती आहे. तिचा गुण एकदा दिसे, पुढच्या खेपेला दिसत नसे.

गे हुंग नावाच्या चौथ्या शतकातल्या वैद्याच्या ग्रंथात ह्या वनस्पतीचा उल्लेख आहे. ती पाण्यात भिजवून पिळावी असे तो सांगतो, उकळावी असे म्हणत नाही. उष्णतेने औषधाचा गुण मरत असेल, हे तू यूयू ह्यांनी ह्यावरून ताडले. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले सारे जंतू नष्ट केले. माणसावर प्रयोग करण्याआधी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. ह्या औषधाला आज आर्टेमिसिनिन म्हणतात. त्याच्या जोडीने तयार केलेल्या मिश्र औषधांनी जगभर लाखो प्राण वाचवले आहेत. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात घातक हिवतापावर जी गोळी देतात, तिच्यातही ह्याच कुळातले द्रव्य असते.

आता हिशेबाकडे वळू. चीनमध्ये त्या काळी माणसाचे नाव पुढे करणे हा बूर्झ्वा दोष समजला जाई. १९७७ साली ह्या द्रव्याच्या रचनेवरचा निबंध छापला तो कोणा माणसाच्या नावाने नव्हता, एका सहकारी गटाच्या नावाने होता. पुढे कित्येक वर्षे जगाला हा शोध कोणाचा हे ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे आणि माणसे शोधली, २०११ साली लास्कर पारितोषिक मिळाले आणि २०१५ साली नोबेल. तोवर तू यूयू चीनच्या विज्ञान अकादमीच्या सदस्यही नव्हत्या.

परंतु नोबेलने सगळा हिशेब मिटला असेही नाही. युन्नान आणि शानतुंग प्रांतांतल्या गटांनी हे द्रव्य आपल्या परीने वेगळे काढले होते. त्याची रचना उलगडण्यात शांघायच्या रसायनशास्त्रज्ञांचा मोठा भाग होता. ह्या सगळ्यांची बाजू घेऊन चीनमध्ये वाद झाला. सामूहिक कामाची महती आम्ही आयुष्यभर गायली आहे, म्हणूनच सांगतो, समूहाच्या नावाखाली माणसे पुसून टाकणे ही काही समता नव्हे. चांगल्या कारखान्यात काम सर्वांचे असते आणि तरीही हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव असते. त्या पाचशे जणांचा हजेरीपट आधीच नीट ठेवला असता, तर चाळीस वर्षांनी तो वाद घालावा लागला नसता.

पगारदाराचा वाटा

आता ज्याच्या हकिकतीत कामगार चळवळीला सर्वांत जास्त रस वाटावा, अशा माणसाकडे येतो. शूजी नाकामुरा ह्यांचा जन्म १९५४ साली जपानच्या शिकोकू बेटावर झाला. तोकुशिमाच्या विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९७९ साली ते अनान गावातल्या निचिया नावाच्या कंपनीत चाकरीला लागले. ही कंपनी दिव्यांसाठी व टीव्हीसाठी चकाकी देणारी द्रव्ये बनवी. नाकामुरांना साधने पुरेशी नव्हती. क्वार्ट्झच्या नळ्या ते स्वतः जोडीत, आणि कधी कधी स्फोटही होत. दहा वर्षांत त्यांनी जे पदार्थ बनवले ते विकले मात्र फारसे गेले नाहीत.

त्या काळी लाल आणि हिरवे प्रकाशदायी डायोड होते, तेजस्वी निळा नव्हता. निळा मिळाल्याशिवाय पांढरा प्रकाश मिळणे शक्य नव्हते. नाकामुरांनी निळ्याचा ध्यास घेतला. संस्थापक नोबुओ ओगावा ह्यांनी त्यासाठी पैसा दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. १९८८ साली नाकामुरा एका वर्षासाठी फ्लोरिडाला स्फटिक वाढवण्याचे तंत्र शिकायला गेले. डॉक्टरेट नसल्यामुळे तिथे आपल्याला तंत्रज्ञासारखे वागवले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. बहुतेक प्रयोगशाळा झिंक सेलेनाइडच्या मागे होत्या. त्यांनी गॅलियम नायट्राइड निवडले. नागोया येथे इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो ह्यांनी ह्याच द्रव्यावर आधीपासून मोलाचे काम केले होते. परत आल्यावर नाकामुरांनी विकत आणलेले यंत्र खोलून त्याची रचनाच बदलली. वायूचा दुसरा प्रवाह वरून सोडला, तेव्हा स्फटिक सपाट वाढू लागले. कंपनीच्या नव्या प्रमुखांनी काम थांबवण्यास सांगितले, तरी ते थांबले नाहीत. १९९३ च्या नोव्हेंबरात निचियाने तेजस्वी निळा डायोड जाहीर केला.

निळ्या डायोडवर पिवळी चकाकी देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. आपल्या घरातला एलईडी दिवा तो हाच. आपल्या देशात २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

आणि शोधकर्त्याला काय मिळाले? यंत्राच्या त्या पेटंटबद्दल कंपनीने दिले वीस हजार येन. १९९९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. कंपनीने गुपिते फोडल्याचा दावा केला, तेव्हा नाकामुरांनीही २००१ साली तोक्योच्या कोर्टात उलट दावा लावला. ३० जानेवारी २००४ रोजी कोर्टाने निकाल दिला. शोधकर्त्याचा रास्त वाटा सहा हजार कोटी येनच्या पुढे जातो, पण त्यांनी मागितले आहेत दोन हजार कोटी, तेव्हा तेवढे द्यावेत, असा तो निकाल होता. कंपनीने अपील केले आणि जानेवारी २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. नाकामुरांचे समाधान झाले नाही. २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना नोबेल मिळाले.

मालकपक्षाची बाजू आम्हाला ठाऊक आहे. भांडवल आमचे, धोका आमचा आणि नव्व्याण्णव प्रयोग फसतात त्यांचा खर्चही आमचा, असे ते म्हणतात. हे खोटे नाही. पण फसलेल्या नव्व्याण्णव प्रयोगांत शोधकर्त्याचीही वर्षे जातात, आणि ती वर्षे कोणत्याच ताळेबंदात लिहिली जात नाहीत. दोन हजार कोटी बरोबर की ८४ कोटी, हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. वीस हजार येन बरोबर नव्हते, एवढे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ह्या खटल्यानंतर जपानने नोकरदारांच्या शोधांविषयीचा कायदा दोनदा बदलला. एका माणसाच्या भांडणाने हा प्रश्न देशाच्या विधिमंडळापर्यंत नेला, हे त्याचे मोल आम्ही थोडे समजत नाही.

पायरी उतरवलेली बाई

चौथी हकिकत कातालिन कारिको ह्यांची. त्यांचा जन्म १९५५ साली हंगेरीत झाला. वडील खाटिक होते आणि घरात नळाचे पाणी नव्हते. सेगेदला डॉक्टरेट झाली, पण १९८५ साली तिथल्या संशोधन केंद्रातला त्यांच्या कामाचा पैसा बंद झाला. त्यांनी मोटार विकली, आलेले नऊशे पौंड लेकीच्या कापडी अस्वलात शिवले आणि पती व लेकीसह फिलाडेल्फिया गाठले.

त्यांचा विषय होता संदेशवाहक आरएनए. कारखान्यातल्या माणसाला तो चटकन समजेल. पेशीच्या केंद्रात डीएनए असते, ते मूळ आराखड्यासारखे. ते कचेरीबाहेर जात नाही. त्यातल्या एका भागाची नक्कल करून ती खाली यंत्रांपाशी धाडतात, ते जॉबकार्ड म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्याप्रमाणे माल, म्हणजे प्रथिन, तयार होते आणि कार्ड फाडून टाकतात. असे कार्ड बाहेर लिहून पेशीला दिले, तर हवे ते प्रथिन तिच्याकडून करून घेता येईल, ही कारिकोंची कल्पना. अडचण अशी की बाहेरचे कार्ड दिसताच शरीर त्यावर तुटून पडे आणि दाह सुरू होई.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या १९८९ साली आल्या. अनुदानाचे अर्ज एकामागून एक परत येत. १९९५ साली विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपदाच्या वाटेवरून खालच्या जागी उतरवले. त्यांनी काम सोडले नाही. पुढे छायाप्रतीच्या यंत्रापाशी ड्र्यू वाइसमन ह्यांची गाठ पडली आणि दोघांनी मिळून तोड काढली. आरएनएच्या अक्षरांपैकी युरिडीनच्या जागी त्याचेच किंचित बदललेले रूप घातले की दाह होत नाही. २००५ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पेटंट विद्यापीठाच्या नावावर झाले. २०१३ साली त्या जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत गेल्या. २०२० साली महामारी आली आणि वर्ष संपण्याच्या आत ह्याच तंत्राच्या लशी लोकांना टोचल्या जाऊ लागल्या. आरएनए लशीच्या तंत्रावर पुढे आपल्या पुण्यातही काम झाले आणि जेनोव्हा कंपनीच्या लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. २०२३ चे नोबेल कारिको आणि वाइसमन ह्यांना मिळाले.

पायरी उतरवूनही त्या टिकल्या, म्हणून जग त्यांचे चिकाटीबद्दल कौतुक करते. आम्हाला ह्या कौतुकाची थोडी भीती वाटते. उतरवल्यावर जे टिकले नाहीत, ज्यांनी पोटासाठी दुसरी वाट धरली, त्यांच्याबरोबर कोणते शोध गेले, ह्याची नोंद कोणाकडेच नाही. टिकणे ही व्यक्तीची शक्ती झाली. टिकू देणे हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे.

चार मागण्या

ह्या चौघांपैकी एकही दुसऱ्यासारखा नाही. एकीचे श्रेय गुरूकडे गेले, दुसरीचे समूहात विरले, तिसऱ्याच्या शोधाचा नफा मालकाकडे गेला आणि चौथीची नोकरीच डळमळीत राहिली. आमच्या लेखी मात्र चौघांचा प्रश्न एकच आहे. शोध हे श्रमाचे फळ आहे, आणि श्रमाला नाव, वाटा, शाश्वती आणि दाद मागण्याची जागा लागते.

ह्यातले काहीच अशक्य कोटीतले नाही. जर्मनीने नोकरदाराच्या शोधाला मोबदला देणारा स्वतंत्र कायदा १९५७ सालीच केला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात शोधकर्त्याचे नाव नोंदवण्याची सोय आहे, पण नोकरीत असताना लागलेल्या शोधाच्या उत्पन्नात त्याचा वाटा ठरवणारे कलम नाही. आपल्या देशातल्या संशोधक विद्यार्थ्याला मिळते ती अधिछात्रवृत्ती, आणि ती वाढवून घ्यायला त्याला रस्त्यावर यावे लागते. देशभर आंदोलने झाली, तेव्हा २०१९ साली कनिष्ठ संशोधकाची रक्कम महिना ३१ हजार झाली आणि २०२३ साली ३७ हजार. त्याच २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईत आझाद मैदानावर विद्यार्थी धरणे धरून बसले होते. ज्या मैदानावर आम्ही कामगारांचे मोर्चे नेले, तिथेच हे उद्याचे शास्त्रज्ञ बसलेले पाहून आम्हाला परके वाटले नाही.

कोणी म्हणेल, विज्ञान हे ध्यासाने होते, पैशाने होत नाही. चौघांच्या चरित्रात ध्यास उदंड आहे, हे आम्ही आत्ताच सांगितले. पण ध्यास आहे म्हणून मजुरी कमी द्यावी, हा न्याय आम्ही गवंड्याच्या बाबतीत मान्य करत नाही, मग शास्त्रज्ञाच्या बाबतीत का करावा? आपल्या घरातली एखादी मुलगी उद्या प्रयोगशाळेत जाईल. तिने घण उचलावा, रात्री जागाव्यात, हे आपण तिला शिकवूच. त्याबरोबर आपल्या वहीत तारीख घालून नोंद ठेवायला, आपल्या कामावर आपले नाव लावून घ्यायला आणि गरज पडली तर सहकाऱ्यांना घेऊन हिशेब मागायलाही तिला शिकवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.